फाटकाकडे पाठ

“उत्तर दिलं की मूल उठून जातं, प्रश्न दिला की बसून राहतं,” असं बाई एकदा शिक्षकांच्या खोलीत बोलून गेल्या, आणि तेव्हापासून शाळेत त्यांचं नाव ‘का-बाई’ पडलं. नाव ठेवलं शेजारच्या वर्गाच्या सरांनी, पण ते तोंडोतोंडी केलं कारकुनाने. चहाची किटली फिरायला लागली की तो लांबूनच हाक द्यायचा, “का बाई, चहा घेणार का?” खोलीत खसखस पिकायची. बाईसुद्धा हसायच्या. लोक आपल्याला हसतात तोवर आपलं बरं चाललेलं असतं, हे त्यांना फार पुढे कळलं.

शाळा दुमजली होती. भिंतींचा पिवळा रंग पोरांच्या खांद्याइतक्या उंचीपर्यंत हात लागून लागून काळवंडला होता. मधे पटांगण, पटांगणाच्या टोकाला लोखंडी फाटक, आणि फाटकाच्या अगदी समोर, तळमजल्याच्या व्हरांड्याला लागून, बाईंचा चौथीचा वर्ग. उभी नोकरी त्यांनी याच वर्गात काढली. वेलांटी, गुणाकार, नद्यांची नावं, जे चौथीला शिकवायचं असतं ते त्यांनी शिकवलं आणि त्यात अंगचोरी केली नाही. फक्त शुक्रवारचा शेवटचा तास त्यांचा स्वतःचा होता. वेळापत्रकात त्या चौकोनात ‘वाचन’ असं लिहिलेलं असे, पण पुस्तक कोणी उघडत नसे. मुलं व्हरांड्यात सतरंजी अंथरायची आणि गोल करून बसायची.

गोलाचे नियम थोडे होते. डस्टर ज्याच्या हातात, त्याने बोलायचं. त्याचं बोलून झालं की कुणीही त्याला विचारायचं, “तुला कसं कळलं?” विचारताना आवाज चढवायचा नाही, खिदळायचं नाही, कारण हा प्रश्न म्हणजे आरोप नव्हे, तहानलेल्याला पाणी विचारावं तसा तो विचारायचा. आणि ‘बाईंनी सांगितलं’ हे उत्तर चालणार नाही.

आणखी एक नियम होता, पण तो बाईंनी स्वतःलाच घालून घेतला होता. ज्या गोष्टीकडे मुलांनी बघायचं, तिच्याकडे बाई पाठ करून बसत. कुंडीतलं रोप असो, भिंतीवरची पाल असो, नाहीतर पटांगणातलं झाड. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या लक्षात आलं होतं की मुलं वस्तूकडे बघतच नाहीत, बाईंच्या तोंडाकडे बघतात. बाईंची भुवई वर गेली की उत्तर चुकलं, खाली आली की बरोबर. तेव्हा बाईंनी आपला चेहरा त्या व्यवहारातून काढूनच घेतला. मला दिसत नाही, तुम्हाला दिसतं, तुम्हीच सांगा. सगळ्या शाळेला ही तऱ्हा माहीत होती. कारकून म्हणायचा, बाई शुक्रवारी जगावर रुसतात.

हे सगळं त्यांनी कुठे वाचलं होतं, असं नाही. लहानपणी घरात आजोबा वारले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, आता त्यांना थंडी वाजते का. काकांनी सणसणीत कानाखाली लावली. प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, पण गाल बराच वेळ गरम राहिला, आणि त्या गरम गालाने पोरीने मनाशी काहीतरी ठरवलं असावं. पुढे काका म्हातारे झाले, लाडाने वागायला लागले, पण बाईंना त्यांच्यासमोर काही विचारताना शेवटपर्यंत गाल चाचपावासा वाटे.

पालकांच्या तक्रारी यायच्या. एक आई फणकारत आली होती, की पोराला म्हटलं जेव, भूक लागली असेल, तर म्हणतो आई, माझी भूक तुला कशी कळली? एका बापाचं म्हणणं, पोरगं देवाणघेवाणीतसुद्धा विचार करत बसतं, दुकानावर बसवायची सोय राहिली नाही. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, ऐकून घ्यायचे आणि बाईंना बोलावून म्हणायचे, जरा बेताबेताने घ्या. वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला आपल्या टेबलावर कुठलाच कागद फार वेळ पडून राहिलेला चालत नसे.

घरी बाईंचे यजमान चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत “हे बरं की हे बरं?” विचारायचे. संध्याकाळी बायकोची चेष्टा करायचे, “आपला धंदा एकमेकांच्या उलटा. माझ्याकडून माणसं नीट दिसायला लागून जातात. तुझ्याकडून, आपल्याला मुळात दिसतं का, या काळजीत जातात.” मुलगा लांब नोकरीला होता. त्याने एकदा फोनवर विचारलं, आई, या मुलीशी लग्न करू का? बाईंनी त्याला उलट विचारलं, तुला काय वाटतं? त्याने पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा विचारलं. शेवटी तो म्हणाला, “आयुष्यात एकदा तरी सरळ सांग गं,” आणि फोन ठेवला. लग्न झालंच नाही. ते प्रश्नामुळे की आणखी कशामुळे, हे बाईंना कळायचं राहिलं, आणि या एका बाबतीत त्यांनी कुणाला विचारलंही नाही.

पण शुक्रवार भरून काढत असे. त्या वर्षीच्या गोलात एक होता ‘वकील’, ज्याला प्रत्येक शब्दाला फाटे फोडायची खोड. आणि एक होती भिंगरी. भिंगरी ही फाटकवाल्या मामांची नात. आईबाप दुसऱ्या गावी कामाला, पोर आजोबांपाशी. मामांना शाळेने टाकीमागची खोली राहायला दिली होती. नोकरी आहे तोवर खोली. मामा सकाळी फाटक उघडायचे, घंटा द्यायचे, घंटा दिली की फाटक लावायचे, कडी घालायचे आणि कडी बसली की नाही हे दोनदा हलवून बघायचे. त्या दोन खडखडाटांवर शाळेचा दिवस सुरू व्हायचा आणि संपायचा.

एका शुक्रवारी गोलात प्रश्न होता, पटांगणातली सावली कोणाची? वकील म्हणाला, झाडाची, कारण ती झाडाच्या पायाला चिकटलेली असते. कुणी म्हणालं, उन्हाची, कारण ऊन गेलं की तीही जाते. डस्टर भिंगरीकडे आलं. ती बराच वेळ त्यावरचा खडू फुंकत बसली. मग म्हणाली, “दोघांची आहे. पण दोघांपैकी कुणालाच ती घरी नेता येत नाही.” बाईंची झाडाकडे पाठ होती. त्यांना सावली दिसत नव्हती, मुलीचा चेहरा दिसत होता. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत आपण काय केलं, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी हे एक वाक्य पुढे ठेवलं असतं. कुणी विचारलं नाही, हे वेगळं.

पुढच्या एका शुक्रवारबद्दल मात्र सगळ्यांनी विचारलं.

त्या दिवशी बाईंनी मुलांना सांगितलं, आज फाटकाकडे बघायचं. बोलायचं नाही, खुणावायचं नाही, नुसतं बघायचं. मग डोळे मिटायचे आणि काय पाहिलं ते एकेकाने सांगायचं. स्वतः नेहमीप्रमाणे पाठ करून बसल्या. मुलांनी बघितलं, डोळे मिटले, आणि मग जी गंमत सुरू झाली ती बाईंना हवी होती तशीच झाली. एकाला मामांच्या डोक्यावर टोपी दिसली होती, एकाला उघडं डोकं. एकीने फाटकावर बसलेला कावळा पाहिला होता; बाकी कुणाच्या कावळ्याचा पत्ता नव्हता. वकिलाने फाटकाचे गज मोजले होते आणि शेजारच्यानेही मोजले होते, आणि आकडे जुळत नव्हते. मुलं हसून लोटपोट झाली.

मग डस्टर भिंगरीकडे आलं. डोळे मिटूनच ती म्हणाली, “आजोबांनी कडी घातली, दोनदा हलवून बघितली, आणि वर गेले.”

मामांना त्याच वेळी कारकुनाने वरच्या मजल्यावर कपाट सरकवायला बोलावलं होतं.

बाईंनी विचारलं. नियमच तो. “तुला कसं कळलं?”

“दिसलं.”

“रोज करतात म्हणून दिसलं, की आज केलं म्हणून दिसलं?”

भिंगरीने डोळे उघडले. फाटकाकडे नाही, बाईंकडे बघितलं. विचार करून ती म्हणाली, “माहीत नाही. ते रोज करतात, आणि माझे आजोबा आहेत, म्हणून मला दिसलं असेल.”

“शाबास,” बाई म्हणाल्या.

शाबास हा शब्द त्या गोलात कधी वापरत नसत. शाबास म्हणजे उत्तर बरोबर असं मुलं धरतात, म्हणून तो त्यांनी कटाक्षाने टाळला होता. त्या दिवशी तो तोंडातून निसटला. मग आनंदाच्या भरात त्या वर्गात गेल्या, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: पाहिलं म्हणजे कळलं का? आणि मुलांना आत बोलावून सांगितलं, यावर दोन दिवस विचार करून या. त्या हे सांगत असतानाच रस्त्यावरून ब्रेक कचकचल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ कुणाची तरी किंकाळी.

बालवर्गातलं एक पोर फाटकातून बाहेर गेलं होतं. स्कूटरची धडक बसली. जीव वाचला, पण पाय मोडला, मांडीपासून प्लॅस्टर.

प्रश्न साधा होता. फाटकाला कडी होती की नव्हती? मामा म्हणत होते, घातली होती. पाण्याचे जार देणारा माणूस म्हणत होता की तो खांद्यावर जार घेऊन आला तेव्हा मामा जागेवर नव्हते, आणि फाटक पायाने ढकलताच उघडलं. कडी असती तर त्याला जार खाली ठेवून गजातून हात घालावा लागला असता, आणि तसं काही करावं लागल्याचं त्याला आठवत नाही. मागे ते त्याने नीट लावलं का, याबद्दल तो म्हणाला, उघडंच होतं तर लावू कशाला? पोराचे आईबाप रोज येऊन मोठ्या सरांच्या खोलीत बसायला लागले. त्यांचं काय चुकत होतं? पोराचा पाय मोडला होता, आणि त्यांना कुणाचं तरी नाव हवं होतं. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष स्वतः चौकशीला आले. कडी नव्हती असं ठरलं तर मामांची नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर खोली. ठरवायला साक्षीदार कोण? त्या वेळी फाटकाकडे टक लावून बसलेला अख्खा चौथीचा वर्ग.

मामांना ही बातमी लागली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. व्हरांड्यात बाईंना गाठून ते म्हणाले, “बाई, देवासारखी तुमची पोरं त्या वेळी बघत होती. आता मला कसली भीती?” बाईंनी मान हलवली. त्यांना टोपी, कावळा आणि न जुळलेले गज आठवले होते.

अध्यक्ष आधी वर्गात आले. फळा कुणी पुसला नव्हता. त्यांनी चष्मा चढवून फळ्यावरचं वाक्य वाचलं, सावकाश, मनात पुन्हा एकदा वाचलं असावं, आणि बाईंना विचारलं, “हे तुम्हीच लिहिलंय ना?” बाई हो म्हणाल्या. “छान आहे,” ते म्हणाले. टोमणा होता की नाही, हे बाईंना ठरवता आलं नाही.

मग एकेक मूल मोठ्या सरांच्या खोलीत गेलं. पहिला म्हणाला, मला कडी घातल्यासारखी वाटली, पण मला मामांच्या डोक्यावर टोपीही वाटली होती आणि ती नव्हती, त्यामुळे माझ्यावर जाऊ नका. दुसरी म्हणाली, मी कावळा बघत होते. तिसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की त्या दिवशी आम्हा सगळ्यांना आपण पाहिलंय असं वाटत होतं आणि सगळ्यांचं वेगवेगळं निघालं, तेव्हा आता काही सांगितलं तर ते खरं असेलच असं नाही. वकिलाने तर अध्यक्षांनाच उभं केलं.

“साहेब, कडी घातली म्हणजे काय? अडकवली, की आत सरकवली?”

“कडी म्हणजे कडी रे बाबा. लावली होती की नाही, एवढं सांग.”

“दिसायला दोन्ही सारखंच दिसतं. नुसती टेकवली असेल तर?”

अध्यक्षांनी कपाळ पुसलं. एकही मूल खोटं बोललं नाही. एकही मूल घाबरलं नाही. इतकी धीट, इतकी सरळ, इतकी विचार करून बोलणारी मुलं त्या खोलीत कधी आली नव्हती, आणि त्यांतल्या प्रत्येकाने मामांच्या पायाखालची एकेक वीट काढून नेली. दाराबाहेर बाकावर बसून बाई ऐकत होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला सांगणार?

भिंगरीला बोलावलंच नाही. घरची साक्ष काय कामाची, असं मोठे सर म्हणाले.

त्या संध्याकाळी बाई टाकीमागच्या खोलीवर गेल्या. खोलीत एक ट्रंक, एक स्टोव्ह, आणि पाय तुटला म्हणून शाळेने टाकून दिलेलं बाक. तुटक्या पायाखाली विटा लावून मामांनी त्यावर पोरीची पुस्तकं मांडली होती. भिंगरी खाली बसून गणितं करत होती. मामांनी बाईंना बाकावर बसवलं, स्वतः उभे राहिले.

“बाई,” मामा म्हणाले, “पोरीला तुम्ही विचार करायला शिकवलंत, उपकार झाले. आता एवढ्या एका वेळी तिला सांगा, विचार करू नकोस म्हणून.”

बाईंनी भिंगरीकडे बघितलं. भिंगरीने पेन्सिल ठेवली.

“मला आधी आठवत होतं,” ती म्हणाली. “पण आजोबा रोज सांगतात, मी कडी घातली, मी कडी घातली. आता मला त्यांचं सांगणंच आठवतं. माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं, ते वेगळं करता येत नाही.”

“मी खोटं सांगतोय का गं?”

“नाही आजोबा. तुम्ही खरंच सांगत असाल.”

त्या ‘असाल’ने म्हातारा खचला. त्याला नात खोटारडी म्हणाली असती तर त्याने तिला रागावून घेतलं असतं. हिच्याशी भांडायचं तरी कसं? मामा बाईंकडे वळले, आणि खोलीत जे काही होतं ते सगळं, ट्रंक, स्टोव्ह, विटांवरचं बाक, त्यांच्याबरोबर बाईंकडे वळल्यासारखं झालं. बाईंना कळत होतं की आत्ता आपण ‘म्हण, पाहिलं’ एवढे दोन शब्द बोललो तर ही पोर म्हणेल. आई म्हणाली तर विचारेल, आजोबा म्हणाले तर विचारेल, पण बाई म्हणाल्या तर विचारणार नाही. संकट हेच होतं. त्यांनी तोंड उघडलं. खरोखर ते दोन शब्द बोलण्यासाठीच उघडलं. आणि तोंडातून आलं, “तुला काय वाटतं?”

मामांनी भिंतीकडे तोंड केलं.

घरी यजमान पानं वाढून बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि ऐकता ऐकता सवयीने स्वतःच्या चष्म्याच्या काचा पुसत होते. म्हणाले, माझ्याकडे असं एखादं गिऱ्हाईक येतंच. हे बरं की हे बरं, विचारत गेलो की शेवटी त्याला दोन्ही सारखंच दिसायला लागतं. मग मी विचारणं थांबवतो आणि चष्मा करून देतो.

“आणि चुकला तर?”

“तर परत येतो. पण बिनचष्म्याचा तर जात नाही.”

“म्हणजे मी मुलांना सांगू, असं असं म्हणा?”

“मी कुठे असं म्हटलं?”

“मग काय म्हटलंत?”

यजमानांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला आणि बायकोकडे बघितलं. “जेव,” ते म्हणाले.

शेवटची बैठक मोठ्या सरांच्या खोलीत भरली. टेबलामागे अध्यक्ष, बाजूला मोठे सर, समोर खुर्चीवर बाई. मामा दाराशी उभे. धुतलेला सदरा, वरचं बटणसुद्धा लावलेलं. बाईंनी एकच विनंती केली होती, भिंगरीला बोलवा. कारण अपघात व्हायच्या आधी, कुणाला काही ठाऊक नसताना, तिने गोलात आपण होऊन सांगितलं होतं, कडी घातली, दोनदा हलवून बघितली. ते सगळ्या वर्गाने ऐकलं होतं. अध्यक्षांना हे पटण्यासारखं वाटलं. ते मुळात मामांना काढायला उतावीळ नव्हते. त्यांना कुणीतरी ठामपणे ‘हो’ म्हणायला हवं होतं, म्हणजे ते त्या आईबापांपुढे मान वर करून जाणार होते. पोरीला त्यांनी जवळ खुर्ची दिली, लेमनची गोळी दिली.

“त्या दिवशी तू तसं म्हणाली होतीस का बेटा?”

“हो.”

मामांनी सुस्कारा टाकला.

“मग बाईंनी विचारलं, रोज करतात म्हणून दिसलं की आज केलं म्हणून. मी म्हटलं, माहीत नाही. बाई शाबास म्हणाल्या.”

अध्यक्षांनी बाईंकडे बघितलं. मोठ्या सरांनी समोरचा कागद उगाच सरळ केला. खिडकीबाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते, आणि त्या एकसुरी, बिनचूक, प्रश्न नसलेल्या आवाजाचा बाईंना आयुष्यात पहिल्यांदा हेवा वाटला.

अध्यक्ष मामांना म्हणाले, वाईट वाटतंय, पण आता माझ्या हातात काही राहिलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत खोली राहू दे. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“मी पाहिलं,” बाई म्हणाल्या.

आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. कोरडा होता, पण ठाम होता. मोठे सर त्यांच्याकडे बघायला लागले, मग पटकन दुसरीकडे बघायला लागले. बाई कशा बसतात हे त्यांना माहीत होतं. पण कागद टेबलावरून हलणार असेल तर तो कुठल्या बाजूने हलतो, याची त्यांना पर्वा नव्हती.

“काय पाहिलंत?” अध्यक्षांनी विचारलं.

“मामांनी कडी घातली. दोनदा हलवून बघितली. मग वर गेले.”

“मग इतके दिवस का बोलला नाहीत?”

“मुलांनी स्वतः सांगावं असं वाटत होतं.”

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. त्यांनी मान डोलावली, जरा हसलेसुद्धा. तुम्ही शिक्षक लोक, ते म्हणाले, आणि कागदावर लिहायला खाली वाकले. मामांनी दाराच्या चौकटीला हात लावला होता. एका माणसाची नोकरी वाचत होती, आणि ती वाचवायला फक्त एक वाक्य पुरलं होतं. इतकं सोपं होतं हे.

भिंगरीने हात वर केला. गोलात करायची तसा, कोपर दुसऱ्या हाताने धरून.

“बाई, तुम्हाला कसं कळलं?”

आवाज चढलेला नव्हता. तोंडावर हसू नव्हतं. तहानलेल्याला पाणी विचारावं तसं तिने विचारलं होतं. आपला प्रश्न नीट समजला नसेल असं वाटून तिने तो सोपा करून सांगितला.

“तुमची तर फाटकाकडे पाठ होती ना?”

“गप गं,” दारातून मामा म्हणाले, पण इतक्या हळू की ते स्वतःलाच म्हटल्यासारखं वाटलं.

अध्यक्षांचं लिहिणं थांबलं. त्यांनी आधी पोरीकडे बघितलं, मग मोठ्या सरांकडे. मोठे सर खिडकीबाहेर बघत होते. अध्यक्षांनी बाईंकडे बघितलं नाही. पेनाला टोपण लावलं आणि अर्धवट लिहिलेल्या ओळीवर ते आडवं ठेवलं.

भिंगरी बाईंच्या तोंडाकडे बघत होती. भुवई वर जाते की खाली येते हे बघायला नव्हे. तसं बघायचं ती केव्हाच विसरली होती. बाईंकडे काहीतरी उत्तर असेल, आपल्याला न सुचलेलं, आणि आता त्या ते सांगतील, अशी तिची खात्री होती. गोळी तिने अजून मुठीतच धरली होती. ती बसून राहिली होती.

बाई उठल्या. खुर्ची सवयीने टेबलाखाली सरकवली. दारात मामा होते; एरवी सरकायचे तसेच ते अदबीने एका बाजूला सरकले, आणि त्यांच्याकडे न बघता बाई बाहेर निघून गेल्या.